पेपर सुटताच ‘आन्सर की’ पाठवणाऱ्या फिजिक्सच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रिय सर आणि मॅडम,

बारावीचा फिजिक्सचा पेपर अकराला सुरू होतो आणि वाढीव दहा मिनिटं धरून दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. मुलांच्या हातातल्या पारदर्शक पाऊचमध्ये पेन परत जायच्या आत गेटबाहेर कुणीतरी प्रश्नपत्रिकेचा फोटो काढतं. अडीच-पावणेतीनच्या सुमाराला तुमच्यापैकी कुणाच्या तरी अक्षरातली उत्तरं मोबाइलवर येऊन थडकतात. वर क्लासचं नाव, खाली फोन नंबर. चार वाजेपर्यंत दुसऱ्या क्लासची येतात, संध्याकाळी तिसऱ्याचा व्हिडिओ. मुलं चहा थंड करून ती जुळवत बसतात.

मीही तुमच्यातलीच. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात गेली बावीस वर्षं फिजिक्स शिकवते. पेपर तपासलेत, प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षा घेतल्यात, आणि हो, अशा ‘आन्सर की’सुद्धा पाठवल्यात. म्हणून हे पत्र मी वरून उपदेश करायला लिहीत नाही. लिहायचं कारण एक मुलगी आहे. ते पुढे सांगते.

आधी सायकल स्टँडबद्दल. फिजिक्सच्या दिवशी फिजिक्सच्या मास्तरांना वर्गावर सुपरव्हिजन नसतं, त्यामुळे मी पेपर सुटायच्या वेळेला आवाराबाहेरच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभी असते. खेड्यांवरून येणाऱ्या मुलांची एसटी अडीचला. म्हणजे वीस मिनिटं मिळतात. त्या वीस मिनिटांत जे फिजिक्स बोललं जातं ते माझ्या वर्गात वर्षभर बोललं जात नाही. वर्गात ‘काही शंका?’ म्हटलं की साठ मुलं वहीत डोकं घालतात. इथे एकजण दुसऱ्याची कॉलर धरून विचारतो, ‘अरे पण तू पायचा वर्ग दहा कसा धरलास?’

एका वर्षी सेकंद्स पेंड्युलमची लांबी काढायचं गणित होतं. ज्या लंबकाचा आवर्तकाल दोन सेकंद, त्याची लांबी किती. सूत्र सगळ्यांना पाठ. लांबी म्हणजे जी (गुरुत्व त्वरण) भागिले पायचा वर्ग. पत्र्याखाली पाच जण होते. पहिल्याचं उत्तर ०.९८ मीटर, कारण त्याने पायचा वर्ग सरळ दहा धरला. दुसरीने ९.८७ घेऊन लॉग टेबल उघडलं होतं (कॅल्क्युलेटर चालत नाही, आठवतंय ना?), ९.८ चा लॉग ०.९९१२, त्यातून ०.९९४३ वजा, आला बार वन पॉइंट नऊ नऊ सहा नऊ, अँटिलॉग ०.९९२९. तिसऱ्याने जी पण दहा आणि पायचा वर्ग पण दहा धरून बरोब्बर एक मीटर आणला होता आणि उत्तर इतकं सुबक आल्यामुळे तो फार खूश होता. चौथ्याने ९९.३ सेंटिमीटर लिहिलं होतं. पाचव्याने ०.९९३ लिहिलं होतं, आणि पुढे काहीच नाही. एककच नाही.

एसटी लागेपर्यंत भांडण चाललं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘जी किती दिलाय ते वाचा आधी.’ पेपरात ९.८ दिला होता. तिसऱ्याचा चेहरा पडला. पाचव्याने स्वतःच कपाळावर हात मारला. पण पहिला अडून बसला. पायचा वर्ग दहा धरायचा नाही असं कुठे लिहिलंय? आणि खरंच, लिहिलेलं नव्हतं. मग दुसरी म्हणाली, ‘तू एक टक्क्याहून जास्त चुकलास, माझं तीन आकड्यांपर्यंत बरोबर आहे.’ एवढं वाक्य मी वर्षभरात कधी ऐकलं नव्हतं तिच्याकडून. चूक किती टक्के, हा प्रश्न प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आम्ही मुलांकडून लिहून घेतो आणि ती एकमेकांचं बघून उतरवतात.

त्या संध्याकाळी आलेल्या उत्तरसूचीत या गणितापुढे काय होतं? ‘०.९९३ मी.’ बस. पाच जणांच्या पाच वाटा, त्यातली कुठली कुठे वळली, कुणाला पूर्ण मार्क, कुणाचा अर्धा गेला, यातलं काही नाही. पहिल्याने ते बघून आईला सांगितलं, ‘माझं ते चुकलं.’ तपासणीचा माझा अनुभव असा की सूत्राला, किमती भरण्याला, आकडेमोडीला आणि एककासहित उत्तराला बहुधा वेगवेगळे अर्धे-अर्धे मार्क पडतात. त्या मुलाचा फार तर अर्धा मार्क जाणार होता, तोही तपासणारा कडक असेल तर. ‘चुकलं’ आणि ‘फार तर अर्धा गेला’ यांतला फरक तुम्हा-आम्हाला कळतो. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला त्या रात्री कळत नाही.

माझं विषयांतर होतंय, पण होऊ द्या. या लंबकाची गंमत अशी की उत्तरं न जुळण्यावरच त्याचा इतिहास उभा आहे. १६७२ साली ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला साधारण अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. सेकंदाचा ठोका जुळावा म्हणून त्याला लंबक जवळपास पावणेतीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. पॅरिसचं उत्तर आणि कायेनचं उत्तर जुळेना. दोन्हींपैकी एक चूक, असं म्हणून कुणी खोडलं असतं तर संपलं असतं. पण दोन्ही बरोबर होती. गुरुत्वच दोन ठिकाणी वेगळं होतं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, या न्यूटनच्या युक्तिवादात पुढे हाच पुरावा कामी आला. फ्रान्समध्ये मीटर ठरवायची वेळ आली तेव्हा सेकंदाच्या लंबकाची लांबी हाच मीटर धरावा असाही प्रस्ताव होता. १७९१ साली तो बाजूला ठेवून पृथ्वीच्या रेखावृत्तावरून मीटर ठरवला गेला, कारण लंबकाची लांबी गावागणिक बदलते. आपल्या सोलापूरकडे जी ९.७८ च्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या उत्तरसूचीतला ०.९९३ आमच्या गावच्या खऱ्या लंबकाला दोनेक मिलिमीटरने चुकतोच. परीक्षेत ९.८ दिलाय तर ९.८ घ्यायचा, त्यात वाद नाही. पण पत्र्याखालच्या पोरांना हे सांगायला वीस मिनिटं पुरत नाहीत, आणि संध्याकाळी तुमचा कागद आला की त्यांना पुढे काही विचारावंसंच वाटत नाही.

आता त्या मुलीबद्दल.

तीही पत्र्याखालीच भेटली. समांतर पट्ट्यांचा, विद्युतप्रभार साठवणारा कपॅसिटर, मध्ये डायलेक्ट्रिक म्हणजे विद्युतरोधक पदार्थ सरकवला (त्याचा स्थिरांक के), ऊर्जेचं काय होतं, असा प्रश्न. ती घाईत होती, एसटी लागली होती. ‘मॅडम, एनर्जी के पट वाढते ना?’ मी म्हणाले, ‘नाही गं, के पटीने कमी होते. चार्ज तोच राहतो ना.’ तिचं तोंड एवढंसं झालं. ‘मी वाढते लिहिलंय,’ म्हणाली आणि गाडीत चढली. खिडकीतून हात हलवला नाही. एरवी हलवते.

संध्याकाळी प्रश्नपत्रिका हातात आली. प्रश्नात स्पष्ट छापलं होतं, बॅटरी जोडलेली ठेवून. बॅटरी जोडलेली असेल तर व्होल्टेज कायम राहतं, कपॅसिटन्स के पट होतो, ऊर्जाही के पट वाढते. बॅटरी काढून घेतली असेल तरच चार्ज कायम राहतो आणि ऊर्जा कमी होते. बावीस वर्षं ही दोन रूपं मी फळ्यावर शेजारी शेजारी मांडून शिकवते. त्या मुलीने प्रश्न नीट वाचला होता. मी वाचलाच नव्हता, कानावर पडलेल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं. आणि प्रश्नपत्रिका तिच्या हातात होती! ‘दाखव बघू’ एवढे दोन शब्द मला सुचले नाहीत.

तिच्या गावातल्या दुसऱ्या मुलाला फोन लावला, त्याच्या चुलत्याचा नंबर लागला, दुसऱ्या दिवशी निरोप पोचला की मॅडम चुकल्या, तू बरोबर होतीस. तोवर एक रात्र गेली होती. मध्ये केमिस्ट्रीची तयारी होती. केमिस्ट्रीचा पेपर तिला कसा गेला हे मी तिला विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, ही तुमची एका मुलीशी झालेली चूक, ती आमच्या माथी का? तर याचसाठी, की मी एका मुलीला चुकीचं सांगितलं आणि निरोप पाठवू शकले. तुमचा कागद किती फोनवर गेला ते तुम्हालाही ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुरुस्त केलेला नवा कागद पाठवता, आणि जुना तसाच फिरत राहतो. कुठला नवा, कुठला जुना, त्यावर तारीखवेळ काही नसते. मागच्या खेपेला माझ्याकडे एकाच क्लासचे दोन कागद आले, अक्षर एकच, एका प्रश्नापुढे दोन वेगळी उत्तरं. मुलं मला विचारायला आली, कुठलं धरू?

आणखी एक गोष्ट, जी पेपराचा आराखडा रोज बघणाऱ्या तुम्हाला नक्की माहीत आहे पण कागदावर कधी येत नाही. लेखी पेपर सत्तर मार्कांचा. त्यात पर्याय आहेत. दोन मार्कांचे बारा प्रश्न, सोडवायचे आठ. तीन मार्कांचे बारा, सोडवायचे आठ. चार मार्कांचे पाच, सोडवायचे तीन. छापलेलं सगळं मोजलं तर अठ्ठ्याण्णव मार्कांचं होतं. तुम्ही अठ्ठ्याण्णवच्या अठ्ठ्याण्णव मार्कांची उत्तरं एका दमात देता. मुलगा ती वाचतो आणि त्याने मुद्दाम सोडून दिलेल्या अठ्ठावीस मार्कांचीही त्याला हुरहुर लागते. ‘हे किती सोपं होतं, मी हे का नाही घेतलं?’ गेटवर निदान मुलं आधी विचारतात, ‘तू कुठले घेतलेस?’ मग जुळवतात. हे शहाणपण त्यांच्यात आपोआप आहे.

बहुपर्यायी प्रश्नांचंही तेच. सूचनेत लिहिलेलं असतं की पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा, नुसतं एकच लिहिलं तर मार्क नाही, आणि पहिलाच प्रयत्न धरला जाईल. तुमच्या कागदावर मात्र एका ओळीत ‘१ बी, २ डी, ३ ए’ असतं. दहापैकी दहा अक्षरं जुळलेल्या मुलाने नुसती अक्षरंच लिहिली असतील तर? मी एकाला हे विचारलं होतं. त्याने उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यावरून मला कळलं.

उत्तरं जुळवू नका, घरी जा, पुढच्या पेपराचा अभ्यास करा, हे वाक्य पालकही सांगतात, आम्हीही सांगतो. मला ते पटेनासं झालंय. मुलं जुळवणारच. जुळवू द्या. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेतला अणूवरचा तो प्रश्न आठवा. ५ मे २०२४ चा पेपर. दोन विधानं होती. एक, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो कारण त्यात धन आणि ऋण प्रभार समान असतात. दोन, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक’ मूलद्रव्य होतं, नव्या आवृत्तीत ‘बहुतेक’. मोठ्या भावाचं किंवा रद्दीतून घेतलेलं जुनं पुस्तक वाचलेल्यांनी दोन्ही विधानं बरोबर म्हटली, नवं वाचलेल्यांनी दुसरं चूक म्हटलं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने आधी दोन्ही पर्यायांना मार्क दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने दिल्ली आयआयटीला तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितली, तिने दुसऱ्याच दिवशी एकच पर्याय बरोबर असल्याचं कळवलं. रेडियम-युरेनियमचे अणू स्थिर नसतात, एवढी साधी गोष्ट. दुसरा पर्याय निवडणारे चार लाखांहून जास्त होते, त्या सगळ्यांचे पाच-पाच मार्क गेले. पैकीच्या पैकी मिळालेले ६१ होते, त्यांतले ४४ खाली आले, १७ उरले.

निकाल कुणाच्या बाजूने लागला हा भाग सोडून द्या. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुठल्यातरी दोन मुलांनी आपापली पुस्तकं शेजारी ठेवून ‘माझ्यात प्रत्येक आहे, तुझ्यात बहुतेक कसं?’ असं विचारलं असणार, म्हणून हे बाहेर आलं. आपल्याच राज्यातल्या सीईटीत २७ एप्रिल २०२५ च्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकलेले निघाले, ५ मे रोजी त्या मुलांची फेरपरीक्षा घ्यावी लागली. तिथेही पेपर देऊन बाहेर आलेली पोरंच आधी बोलली, ‘माझं उत्तर चारही पर्यायांत नव्हतं, तुझं होतं का?’ हे विचारायची सवय मोडू नये एवढंच मला वाटतं. तयार कागद हातात पडला की ती मोडते. उत्तर पर्यायांत नसलं तरी मुलगा म्हणतो, सरांनी सी दिलंय म्हणजे सीच असणार.

म्हणून माझी विनंती सांगते. शेवटचा सायन्सचा पेपर होईपर्यंत उत्तरं पाठवू नका. मला कळतंय की तुम्ही नाही पाठवलीत तर समोरचा क्लास पाठवेल आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश तिकडे जातील. हा धंद्याचा प्रश्न आहे, मी त्यावर तोंडभर आदर्श बोलणार नाही. पाठवायचीच असतील तर निदान प्रश्नपत्रिका दोनदा वाचून पाठवा, आणि प्रत्येक गणितापुढे आकड्याआधी लिहा की जी किती धरला, पायचा वर्ग किती धरला, वेगळा धरला तर उत्तर कुठून कुठपर्यंत येईल. सीबीएसई आपली मार्किंग स्कीम वेबसाइटवर टाकते, त्यात कुठल्या पायरीला अर्धा मार्क ते दिसतं. तसं लिहायला फार तर दीड तास जास्त लागतो, मी घड्याळ लावून बघितलंय. आणि चूक निघाली तर नवा कागद गुपचूप फिरवू नका. जुन्या कागदावर लाल पेनने काट मारून, शेजारी बरोबर लिहून, वेळ टाकून तोच पुन्हा पाठवा. मुलांना आपली काट दिसू दे. त्यांच्या पेपरात आपण एवढ्या काटा मारतो.

मी स्वतः यंदापासून असं ठरवलंय. पत्र्याखाली उभी राहणारच, ते मला सुटणार नाही. पण कुणी ‘मॅडम, हे किती?’ विचारलं की आधी हात पुढे करणार, प्रश्नपत्रिका दे. वाचणार. मग ‘तू किती आणलंस आणि कसं?’ एवढंच. उत्तर सांगायचं ते बायोलॉजीच्या पेपरानंतरच्या रविवारी, प्रयोगशाळेत, फळ्यावर. ज्यांना यायचं ते येतील. मागच्या वेळी अठरा जण आले होते, त्यात तीन मुलं दुसऱ्या कॉलेजची. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या. खुर्च्या कमी पडतील, स्टुलं आहेत.

आपली,
फिजिक्सची एक मॅडम

ता. क. मागच्या वर्षी मी पाठवलेल्या उत्तरसूचीत दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीच्या गणितात एंड करेक्शन (उघड्या टोकासाठी लांबीत मिळवायची दुरुस्ती) एकाच टोकाचं धरलं होतं. लांबीत व्यासाच्या ०.३ पट नाही, ०.६ पट मिळवायला हवं. तो कागद अजून फिरतोय असं परवा कळलं. कुणाकडे असेल तर कृपया काट मारा.